नलूचा विझता सूर्य

नलूने कंदिलाची वात जराशी खाली केली, की ओटीवरचा उजेड आधी तांबूस, मग विटकरी होई आणि त्याच्याबरोबर तिचा आवाजही खाली उतरे. "सूर्य म्हातारा झालाय," ती म्हणे, आणि बाहेर नेरळचा आषाढ कौलांवर कोसळत असताना आमचे ओठ खरोखर सुकत. लांब बोटांची ती संथ हालचाल, अर्धोन्मीलित डोळे, वाक्याच्या मध्येच श्वास धरून थांबण्याची तिची खोड, सारं मला आजही स्वच्छ दिसतं आणि आजही सहन होत नाही.

नलू आमची शेजारीण, माझ्याच वयाची. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत बोटीवरच्या तिच्या मामाने परदेशातून एक खेळ आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं, आणि काही अडलं की पुष्कळ पैलूंचे ते चमत्कारिक फासे टाकायचे. सोबतच्या इंग्रजी पुस्तकातले राक्षस नि किल्ले बाजूला सारून नलूने स्वतःचं वाळवंट रचलं. तिथे मरणोन्मुख सूर्याखाली समुद्रांचं मीठ झालं होतं, नद्यांची नावं फक्त मुलींना ठेवण्यापुरती उरली होती, आणि माणसं चामड्याच्या पिशवीत आपलं आयुष्य कमरेला बांधून चालत होती. उंबऱ्याबाहेर घोटाभर चिखल तुडवणाऱ्या या मुलीला एवढी तहान कुठून कळली, देव जाणे! गोष्ट सांगावी तर मीच, असं शाळेपासून सगळे म्हणत. नलूचं वाळवंट ऐकल्यावर कुणी म्हणेनासं झालं.

पण माझा खरा जळफळाट दादासाठी होता. माझा थोरला भाऊ माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. त्या मे महिन्यात, ऐन हंगामात, आई गेली. निरोप मिळताच तो डोंगर उतरून धावत आला, तोवर तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं होतं. त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. रागाने नव्हे, माझ्या हातांकडे लक्ष गेलं की त्याची मान खाली जाई. पावसाळ्यात हॉटेल बंद, त्यामुळे तो दिवसभर घरातच. मी त्याच्या आवडीचं रांधत असे, विनवत असे, कधी चिडून भांडी आपटत असे. तो मुकाट जेवून उठे आणि नलूच्या ओटीवर जाऊन बसे. तिथे तो बोले, चक्क हसेही. मीही मागोमाग जाऊन खेळायला बसे, ते केवळ माझ्या भावाचा आवाज ऐकायला, आणि तोही दुसरीशी बोलताना. जिवाची नुसती आग होई.

एका अंधारलेल्या दुपारी, त्या विझत्या सूर्याखाली चालता चालता, आम्हाला वाळूत एक म्हातारी पडलेली दिसली. तिचा श्वास कसा येतो, कुठे अडतो, ते नलू सांगू लागली. दादाचा हात नकळत कमरेकडे गेला.

"दादा, पिशवीत घोटभरच पानी हाय," नलू हळूच म्हणाली. "तिला दिलंस तर तू नाय उरत. आनि ती तर जानारच हाय."

"जाऊ दे गं. तिच्या तोंडात मी घालतो."

फासे टाकायचं कुणाला सुचलं नाही. दादाने बोटं जुळवून रिकाम्या हवेत थेंब थेंब पाणी सोडलं, अगदी सावकाश, सांडू नये म्हणून जपून.

"प्याली, दादा. तुज्याकडंच बघत व्हती," नलू म्हणाली.

दादा ढसाढसा रडला. त्याचं रडणं संपेपर्यंत नलूने कंदिलाची वात वर केली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तो चुलीपाशी येऊन टेकला. "शकू, भूक लागली गं. काय हाय खायाला?"

भाऊ मला परत मिळाला. तिचे आभार मानायला हवे होते; मला ते जमलं नाही. खरं पाणी माझ्या हातचं होतं, आणि त्याची तहान भागली ती तिच्या खोट्या पाण्याने.

नलू लग्न होऊन दूर गेली, दादाला जाऊनही आता वर्षं लोटली. काळ माणसांना नेतो, त्यांच्यावरचं प्रेम हळूहळू निवळत नेतो. माझ्या मत्सराला मात्र तो हात लावत नाही, कारण आईच्या उशाशी माझा दादा अखेर पोचला, तो नलूचं बोट धरून, माझं नव्हे.