ढोलीसारखा खुराडा

शामकलाला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कबूल करील तर ती शामकला कसली! त्या साली सालेकशाच्या रानात जंगलखात्याच्या साहेबाचा तंबू पडला, अंड्यांना गिऱ्हाईक आलं आणि हिलाही कोंबड्या पाळायची हुक्की आली. सासू अनुसयाबाईनं जन्मात अंगणात कोंबडी फिरकू दिली नव्हती. तिनं नाक मुरडलं. "मुंगसानं नेली तं माह्यापाशी रडत येऊ नोको," एवढंच म्हणाली.

झालं! शामकला इरेला पेटली. धान साठवायची ढोली, म्हणजे कणगी, लिपण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. बांबूच्या तट्ट्याला शेणामातीचा असा लेप द्यायची, की उंदीर सोडा, मुंगीलाही वाट मिळायची नाही. खुराडाही तिनं तसाच केला. खाली दगड, भोवती लिपलेले तट्टे, वर छपराला कवेलू, सांध्यासांध्यात चिखल, दाराला सागाची फळी. फळीच्या कडेला फट राहिली, तर तिथंही चिंध्या कोंबल्या. मग गावभर सांगत सुटली, "मुंगूस काय, मुंगसाचा बाप शिरत नाई!"

खुराड्यात अजून कोंबडी यायची होती, तोच शेजारची रुख्मा भावाच्या लग्नाला देवरीला निघाली. नवरा गेल्यापासून तिचं मीठमिरची कोंबड्यांवरच चालायचं, म्हणून तिचा पाय निघेना. शामकलाच म्हणाली, "कायले घोर करतं वं? माह्या खुराड्यात सोड अन् खुशाल जाय."

रुख्मानं सगळ्या कोंबड्या आणून सोडल्या. संध्याकाळी शामकलानं फळी लावली, चिंध्या दाबून बसवल्या. वैशाखाचे दिवस, झाडाचं पान हलत नव्हतं.

सकाळी फळी ओढली तशी आतून ऊन वाफ तोंडावर आली. एकही कोंबडी बाहेर आली नाही. सगळ्या दाराशी एकीवर एक पडल्या होत्या, चोची वासून. अंगावर साधा ओरखडा नाही. ढोलीत धान असतं, धानाला श्वास लागत नाही, हे शामकलाला आत्ता सुचलं. आपल्या हाताची तिला किळस आली.

"काय झालं वं?" घरातून सासूनं विचारलं.

"मुंगूस शिरलं जी! मी फळी लावायले इसरली." जिभेवर आलं ते बोलून गेली. इसरणं कुणाच्याही हातून होतं. पण जिची गावभर फुशारकी मारली ती लिपाईच नडली, हे सासूपुढं कोणत्या तोंडानं सांगायचं? सासू उठून यायच्या आत तिनं नवऱ्याला हाक मारली. शालीकरामनं कोंबड्या उलटसुलट करून पाहिल्या, बांधापाशी खड्डा खणून पुरल्या. "रुख्माले तरी खरं सांग," एवढं बोलून तो शेतावर गेला.

रुख्मा आली, तिलाही शामकलानं तेच सांगितलं आणि सांगता सांगता हुंदका फुटला. रुख्मा पदरानं शामकलाचेच डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे. इसरते माणूस." त्या मायेनं शामकलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं बोलवेना.

थोड्या दिवसांनी भावानं रुख्माला पिल्लांसकट एक कोंबडी पाठवली. रुख्मानं तट्टे उभे केले, माती कालवली आणि हाक मारली, "ये वं, तुह्यासारखाच लिपून दे. फळी मी नाई इसरत."

बाया गोळा झाल्या होत्या, त्यांत अनुसयाबाईही होती. शामकला लिपत गेली. आता सांगू, मग सांगू, असं करत भिंत वरपर्यंत आली. कोपऱ्यातल्या टोपलीखाली पिल्लं चिवचिवत होती. रुख्मानं शेणामातीचा गोळा पुढं केला. "हे एक भोक राहिलं. बुजव."

शामकलानं गोळा घेतला नाही. ओल्या लिपणात बोटं खुपसून तिनं आणखी एक भोक पाडलं.

"मुंगूस नोयतं आलं वं. फळी लावली होती मी. हवाच नाई ठेवली. गुदमरून मेल्या त्या."

अनुसयाबाईनं टोमणा न मारता मान फिरवली.

रुख्माच्या हातातला गोळा खाली पडला. "माह्या कोंबड्या मेल्या," ती सावकाश म्हणाली, "अन् डोळे मी तुहे पुसले!"

शामकलाला वर बघायची लाज वाटली. ती मान खाली घालून भोकं पाडत राहिली. रुख्मा तिला थांब म्हणाली नाही, आणि त्यानंतर कधी ये असंही म्हणाली नाही.