रोडग्यांची काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. स्टीलच्या परातीत कणीक मळलेली बघणाऱ्या तुम्हा पोरांना माझं नावही ठाऊक नसेल. आंब्याच्या खोडातून कोरून काढलेलं, खोलगट लाकडी ताट म्हणजे मी. शेलूबाजारच्या देवमन सुतारानं मला घडवलं. प्रयागबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला तिच्यासोबत इंझोरीला धाडलं. तेव्हापासून मी याच घरात आहे.

पहिली वर्षं माझ्यात ज्वारीच्या भाकरी थापल्या जायच्या. पुढे विहिरीला पाणी लागलं, शेतात गहू आला आणि रोजच्या पोळ्या सुरू झाल्या. गावात कुणाकडे रोडगे असले की मलाच मागणं यायचं. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात भाजायचे, फोडून वर तूप ओतायचं. नवस फेडायचा तर आमच्याकडे दुसरं काही चालत नाही. प्रयागबाईच्या काठवटीतला रोडगा कधी कच्चा राहत नाही, असं बाया म्हणायच्या. आणि खोटं कशाला बोलू, मी फुगायची.

पण प्रयागबाईची नात संस्कृती काही बाळसं धरेना. शाळेत जाणारी पोर, पण अंगणवाडीतली वाटायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सारखी ढाळ, सारखी ओकारी. कुणी जंत म्हटलं, कुणी नजर. अंगारे झाले, धुपारे झाले. पोरीला नीट खाऊ घाला, असं येणारा-जाणारा सांगायचा. मग प्रयागबाई माझ्यात मऊसूत कणीक मळायची आणि तुपात चुरलेली पोळी नातीला भरवायची. जितकं भरवावं तितकी पोर वाळत जायची. एकदा ती शाळेतच भोवळ येऊन पडली. त्या दिवशी प्रयागबाईनं शेताच्या बांधावरच्या मारोतीपुढे पदर पसरला. नात बरी होऊ दे, रोडग्यांचं जेवण घालीन, असं बोलली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं, सीलिअ‍ॅक. गहू पोटात गेला की या मुलीचं आतडं आतून खराब होतं. पोळी बंद, रवा बंद, मैदा बंद, बिस्किट बंद. तेही जन्मभर, आणि औषध एवढंच. प्रयागबाईला हे काही केल्या पटेना. ज्या अन्नाला चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो, ते विष कसं होईल?

सून निकितानं मात्र कंबर कसली. तिनं पोरीला ज्वारीची भाकरी सुरू केली, पण माझ्यातच. मला घासून घेतलं की झालं, असं तिला वाटलं. गिरणीतही गव्हाच्या पाठोपाठच ज्वारी पडायची. पोर सुधारेना. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की माझ्या भेगांत गव्हाचं पीठ बसलं आहे आणि ते धुऊन जायचं नाही. मग घरघंटी आली, नवी परात आली, नवा तवा आला. मी माळ्यावर गेले. वाईट वाटलं, नाही कशी म्हणू? पण हळूहळू संस्कृतीच्या गालावर मांस चढलं. अंगणात तिचा लंगडी खेळतानाचा आवाज यायला लागला. मी म्हटलं, पडू दे मला इथेच.

पण नवस बोललेला होता. पोर बरी झाली म्हणून प्रयागबाईनं मला खाली काढलं. बांधावर गोवऱ्या पेटल्या, भावकी जमली. निकितानं लेकीसाठी डब्यात भाकरी आणली होती. ती विहिरीवर पाण्याला गेली, तेवढ्यात प्रयागबाईनं रोडगा कुस्करला, तूप घातलं आणि नातीपुढे घास धरला.

"मले नाई चालत ना, आजी," संस्कृती म्हणाली.

"देवाचा परसाद हाये, माय. ज्या मारोतीनं तुले बरं केलं, थो कायले तुले बिमार करन?"

पोरीनं एकदा विहिरीकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. प्रयागबाईनं तिला अख्खा रोडगा भरवला. इतक्या मायेनं भरवला, की बघणाऱ्या बायांचे डोळे भरून आले.

दिवस मावळायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. मग ढाळ. वाशीमच्या दवाखान्यात नेईस्तोवर पोरीनं डोळे फिरवले होते. सलाईनवर जीव वाचला, पण इतक्या महिन्यांचं कमावलेलं सगळं गेलं. कितीतरी दिवसांनी परत आली ती तेच काड्यांचे हातपाय घेऊन.

परवा प्रयागबाईनं हात दोनदा धुतले, नव्या परातीत ज्वारीचं पीठ भिजवलं आणि दुधात भाकरी कुस्करून नातीपुढे ठेवली. मी मागच्या दारी भिंतीला टेकून उभी होते.

"आजी, हे आईनं केलं का तुनं?"

"म्या केलं, माय."

संस्कृतीनं ताट हळूच बाजूला सारलं. "मंग नाई खात."

प्रयागबाई ताटापाशी तशीच बसून राहिली. दुधावर साय धरली तरी उठली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला सांभाळा, टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. ज्या घरात असं लेकरू असेल, तिथं माझ्यासारखीला माळ्यावरसुद्धा ठेवू नका, ती कधी ना कधी खाली येतेच. आणि एखादं लेकरू 'मला चालत नाही' म्हणालं, तर हात तिथेच थांबवा. मग तो घास देवाचा असो की आजीचा.

आज सकाळी प्रयागबाई शेजारून कुऱ्हाड मागून घेऊन आली आहे. बापानं दिलेली वस्तू आहे, असं निकितानं म्हणून पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही. उद्या माझ्या लाकडांवर संस्कृतीच्या आंघोळीचं पाणी तापेल. तेवढं तरी माझं तिला चालेल.