सासऱ्याच्या व्हॅनचा हीटर

बायको माहेरी निघून गेली त्याला अर्धा हिवाळा उलटला, तेव्हा कुठे जावई तिला न्यायला आला. सासऱ्याने त्याला घरात घेण्याआधी थेट व्हॅनपाशी नेलं.

"हिचा हीटर नुसता गार वारा फेकतोय," सासरा म्हणाला. "तुमचा हात चालतो ना यंत्रांवर? आधी एवढं बघा. मग लेकीचं बोलू."

जावयाला उलट हायसं वाटलं. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचणारा माणूस तो. शब्दांपेक्षा आकडे बरे, असा त्याचा स्वभाव. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव त्याने बसमध्ये वाटभर केली होती आणि ती काही जमली नव्हती. त्यापेक्षा हीटर सोपा. आपण हीटर द्यायचा, त्यांनी बायको द्यायची. हा व्यवहार त्याला पटला. कोट कुंपणावर टाकून त्याने बाह्या सरसावल्या.

सासऱ्याने पायरीवर खुर्ची टाकली, गुडघ्यांवर ब्लँकेट घेतलं आणि चहाचा कप हातात धरून तो तमाशा बघायला बसला. दुसरा कप कुणी आणला नाही.

जावयाने इंजिन सुरू केलं. पंखा जोरात फिरत होता, म्हणजे मोटर ठीक. गार-गरमचं बटण फिरवल्यावर आत झडप हलल्याचा आवाज आला, म्हणजे तीही ठीक. तापमानाचा काटा हळूहळू चढत मधोमध येऊन थांबला. इंजिन तापत होतं. ती ऊबच तेवढी आत येत नव्हती. त्याने बॉनेट उघडून हीटरला जोडलेल्या दोन रबरी नळ्या चाचपल्या. एक चटका देणारी, दुसरी थंडगार.

"सापडलं," तो म्हणाला. "आत एक छोटा रेडिएटर असतो, तो तुंबलाय. गरम पाणी दारापर्यंत येतं आणि तिथेच अडतं. पुढे जात नाही."

"तुमच्यासारखंच की," सासरा म्हणाला.

तेवढ्यात सासू बादली घेऊन आली. बादली ठेवून लगेच गेली असती तर ती सासू कसली. "जावईबापू, गाडीचं दुखणं हात लावल्या लावल्या कळलं तुम्हाला. शिकलात कुठे हो?"

"आपलं असंच. बघून बघून."

"घरी नाही का बघायचात कधी?"

जावई नळीवरची क्लिप निरखत राहिला. प्रकरण सासू-सासऱ्यांना ठाऊक होतं. कामावर जाताना तो खोलीतल्या हीटरचं बटण उपसून खिशात टाकायचा. दिवसभर एका माणसासाठी खोली तापवायची म्हणजे उधळपट्टी, असं त्याचं म्हणणं. बायको तापाने फणफणली, तेव्हा हीटर लावायला तिने पकडीने बटणाचा उघडा दांडा फिरवून बघितला होता. संध्याकाळी घरी येऊन त्याने आधी दांड्यावरच्या ओरखड्यांची चौकशी केली, मग तापाची. त्या महिन्याचं बिल कमी आलं, तेही त्याने अंथरुणात पडलेल्या बायकोला कौतुकाने नेऊन दाखवलं. बरी झाल्यावर तिने बॅग भरली.

"काढा ना नळी. वाट कुणाची बघताय?" सासरा म्हणाला.

"इंजिन बंद केलंय, निवलं की काढतो. आत पाणी उकळतंय."

"तिला उजेडात निघायचंय. कधीची तयार होऊन बसलीय."

हे ऐकलं आणि जावयाचा चेहरा खुलला. तयार होऊन बसलीय म्हणजे गोष्ट ठरल्यातच जमा. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. घाईघाईत त्याने क्लिप सैल केली, नळी ओढली आणि उकळतं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. तो ओठ दाबून खाली बसला.

"पाणी चांगलं गरम आहे म्हणायचं," सासऱ्याने घोट घेतला. "म्हणजे इंजिनाला दोष नाही."

भाजलेला हात तसाच ठेवून जावयाने बागेतला पाइप हीटरच्या तोंडाला उलट्या बाजूने लावला. आधी काहीच आलं नाही, मग गुरगुर झाली आणि तांबडा गाळ भसाभसा बादलीत पडला.

"बाबा, यात कूलंटऐवजी साधं नळाचं पाणी घालत होतात? आतून गंजलंय सगळं."

"कूलंट महाग पडतं. तेवढ्यापुरते आपण दोघं एकाच माळेचे मणी."

स्वच्छ पाणी येईपर्यंत त्याने धुतलं, नळ्या जोडल्या, सासऱ्याला हळहळत का होईना कूलंटचा डबा काढायला लावला. झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून, नळी दाबत दाबत त्याने अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली. मग आत बसून पंखा लावला. ऊब आली. भाजलेल्या हातावर ती आगीसारखी झोंबली, तरी तो हात तिथेच धरून हसत बसला.

बायको बाहेर आली, तसा तो खाली उतरला. अंगात कोट, हातात बॅग. एक शब्द न बोलता ती पुढे बसली. सासरा स्टिअरिंगवर जाऊन बसला. जावई मागचं दार उघडायला गेला, तर ते आतून बंद.

"तुम्ही कुठे?" सासरा म्हणाला. "हिला भावाकडे सोडायला चाललोय. तिकडे नोकरी लागलीय हिला, खोलीही बघितलीय. एवढ्या लांब हीटरशिवाय नेणार कशी?"

"बाबा, तुम्ही म्हणालात, मग बोलू."

"मग हे काय करतोय?"

बायकोने काच खाली केली. तिची नजर त्याच्या हातावर गेली. "भाजलं?"

"थोडंसं."

"मलम लाव."

एवढं बोलून काच वर करायला हरकत नव्हती. तिने केली नाही. सासऱ्यानेही गिअर टाकला नाही; उगाच काट्याकडे बघत राहिला. ती बघतेय, थांबलीय, हे जावयालाही कळत होतं. त्याने तोंड उघडलं. उघड्या काचेतून गरम हवेचा झोत त्याच्या चेहऱ्यावर येत होता आणि तसाच मागे थंडीत विरून जात होता.

"काच लाव," तो म्हणाला. "सगळी ऊब बाहेर चाललीय."

तिने काच लावली. व्हॅन गेली.

सासू पायरीवरची खुर्ची उचलत होती. "जावईबापू, ती बादली घासून ठेवा जाताना. कपड्यांची आहे."

त्याने ब्रश मागून घेतला.