बावखलाचा चौथा शॉट

माझं डोकं लवकर तापतं, आणि तापलं की मी कुणाचं ऐकत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच स्वभावापायी झालं.

२००२ साली मी नववीत होते. तालुक्यातल्या शाळांसाठी लघुपट स्पर्धा निघाली होती. विषय पाणी, लांबी दहा मिनिटं, व्हीएचएस कॅसेट ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बारापर्यंत शाळेत जमा करायची. माणिकपूरच्या आमच्या शाळेतून एकच फिल्म जाणार होती आणि ती माझी होती. म्हणजे माझी आणि ॲनिशाची. ॲनिशा गिरीजची, माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील आग्नेल अंकल लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे, म्हणून कॅमेरा मिळाला. गोष्ट मी लिहिली, कॅमेरा मी खांद्यावर घेतला आणि ॲनिशाला वाडीतलं पाणी राखणारी मुलगी केलं. आईला मी सांगून ठेवलं होतं की पहिला नंबर आपलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्धी फिल्म गणपतीच्या आधी झाली, गिरीजला बॅप्टिस्ट अंकलच्या वाडीत. केळींच्या मधोमध त्यांचं बावखल होतं, म्हणजे वाडीला पाणी द्यायचं जुनं तळं. चौथ्या शॉटला ॲनिशा काठावर वाकली आणि म्हातारे बॅप्टिस्ट अंकल ओरडत आले. आले ते सरळ कॅमेऱ्यासमोर. पाणी किती खोल आहे, लहानपणी त्यांचा कोण चुलतभाऊ त्यात गेला, हे त्यांनी बांबू बुडवून बुडवून पाच मिनिटं सांगितलं. कॅमेरा चालूच होता आणि मी नुसती धुमसत होते. ते गेल्यावर कॅसेट मागे घेतली आणि त्यांच्यावरच तो शॉट पुन्हा घेतला. घाईत कॅसेट पुरेशी मागे गेली नाही, त्यामुळे आधीचे तीन-चार सेकंद तसेच राहिले. ॲनिशा वाकतेय आणि बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज येतोय. फिल्मवरचा तो डाग मला इतका खुपायचा की तेवढं कापा म्हणून मी आग्नेल अंकलचं डोकं खाल्लं. शेवटी जोडताना कापू, असं ते म्हणाले.

मग चाचणी परीक्षा आली, आणि सप्टेंबरात बॅप्टिस्ट अंकल वारले. झोपेतच गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा प्लासिड कुवेतला, त्याला सुट्टी मिळाली नाही. अशा वेळी मयताचं शूटिंग करून परदेशातल्या माणसाला पाठवतात. ते आग्नेल अंकलनीच केलं.

उरलेली फिल्म ऑक्टोबरच्या एका रविवारी करायची ठरली. आग्नेल अंकल लग्नाच्या ऑर्डरसाठी नाशिकला गेले होते. कॅमेरा घ्या, नवी कॅसेट कपाटातून घ्या, असं सांगून गेले होते. ॲनिशा आत कपडे बदलत होती. मला धीर कुठला? मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात लग्नांच्या कॅसेटी होत्या, प्रत्येकीवर लाल स्केचपेनने नवरा-नवरीचं नाव. खालच्या कप्प्यात एकटीच एक कॅसेट होती आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. काही लिहिलं नाही म्हणजे कोरी. मी ती कॅमेऱ्यात घातली.

संध्याकाळी ॲनिशाच्या घरी टीव्हीवर लावून बघितली. शेवटचा शॉट फार सुंदर आला होता. तो संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग चर्चच्या पायऱ्यांवरून काळ्या कपड्यातली माणसं उतरायला लागली. खांद्यावर पेटी होती. झाकण लागलेलं होतं.

ॲनिशा पांढरीफटक पडली. कॅसेट कुठून घेतलीस, एवढंच तिने विचारलं. मी खालचा कप्पा दाखवला आणि उलट तिच्यावरच खेकसले, की तुम्ही लोक नावं का लिहीत नाही? मग तिने सांगितलं. मेलेल्या माणसाचं नाव महिन्याची मिस्सा, म्हणजे त्याच्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत कॅसेटवर लिहायचं नाही, अशी तिच्या आजीने घालून दिलेली रीत होती. मिस्सा झाली की नाव लिहायचं, कॉपी काढायची आणि घरच्यांना द्यायची. तोवर ती कॅसेट वेगळी ठेवायची. नवीन कॅसेटींचा खोका कपाटातच, अगदी मागे होता.

मिस्सा बुधवारी होती. गुरुवारी बॅप्टिस्ट अंकलच्या बायकोचा, मार्गारेट आंटींचा भाचा रुडॉल्फ कुवेतला परत जाणार होता. प्लासिडची कॅसेट तोच नेणार होता.

आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं. दफनभूमी होती, फादरांची प्रार्थना होती, माती होती. पण सुरुवातीची बावीस मिनिटं गेली होती. घरातलं सगळं त्यातच होतं. उघड्या पेटीतला चेहरा होता, आणि घरच्यांनी एकेक करून घेतलेला निरोप होता. तिथे आता ॲनिशा घागर घेऊन चालत होती.

ॲनिशाने माझा हात धरला. पप्पांना सांगू नकोस, म्हणाली. दमट हवेने कॅसेटला बुरशी आली असं सांगू, असं होतं कधी कधी. नाहीतर लोक म्हणतील आग्नेलने मयत पुसलं, आणि गावात एक लग्न मिळणार नाही त्यांना. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हो म्हटलं.

हो म्हटलं खरं, पण त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.  बाईंनी वर्गात फिल्मचं कौतुक केलं तेव्हा मी वहीत डोकं घालून बसले. चोराच्या मनात चांदणं. घरचा फोन वाजला की वाटायचं, कळलं. बाबांनी नुसतं विचारलं, काय गं, बरं नाही का, तर मी त्यांच्यावर ओरडले. सारखा तो प्लासिड डोळ्यांपुढे यायचा. त्याला मी कधी बघितलेलंही नव्हतं. खोलीवर टीव्हीसमोर बसलाय आणि बापाचा चेहरा येईल म्हणून वाट बघतोय. भीती वाटत होती, आणि लाज त्याहून जास्त वाटत होती.

मंगळवारी संध्याकाळी आग्नेल अंकल आले. मी ॲनिशाला न विचारता त्यांच्यापुढे जाऊन सगळं बोलून टाकलं. बुरशीचंही सांगितलं. ॲनिशा रडायला लागली. ते रागावतील म्हणून मी तयार होते, पण ते खुर्चीत बसले. म्हणाले, "हे मला सांगून काय होणार? ज्यांचं आहे त्यांना सांग." दोन्ही कॅसेटी पिशवीत घालून त्यांनी स्कूटर काढली.

मार्गारेट आंटी ओट्यावर मिस्सेच्या हारासाठी फुलं निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं.  त्यांनी हातातली फुलं बाजूला ठेवली आणि आग्नेल अंकलकडे बघून म्हणाल्या, "माझ्या माणसावर काय काढलंय ते बघू दे मला."

घरात प्लासिडने पाठवलेला व्हीसीआर होता. फिल्म पहिल्यापासून कळावी म्हणून अंकलनी आधी गणपतीआधीची कॅसेट लावली. मला वाटत होतं जमीन दुभंगावी. माझी ती फिल्म, जिच्यावर मी महिनाभर नाचत होते, तिची मला शिसारी आली. केळी दिसल्या, बावखल दिसलं, एक शॉट, दुसरा, तिसरा. मग ॲनिशा काठावर वाकली.

"मागं सर गे पोरी, पडशील. पाणी खोल हाय."

मार्गारेट आंटींनी हात वर केला. अंकलनी कॅसेट थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. मागं सर गे पोरी, पडशील. त्या म्हणत राहिल्या, "पुन्हा." पाचव्यांदा की सहाव्यांदा त्यांनी विचारलं, पुढे काय बोलले ते? समोर नाही आले?

आले होते. पाच मिनिटं समोर उभे होते, बांबू घेऊन, जिवंत. मी सांगितलं, की शॉट खराब झाला म्हणून तेही मीच पुसलं. मग मात्र मला रडू आवरेना.

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, की माफ केलं असंही म्हटलं नाही.  मग म्हणाल्या, "चेहऱ्याचे फोटो आहेत घरात. आवाज नव्हता कुणाकडे." आणि अंकलना सांगितलं, की प्लासिडच्या कॅसेटवर सुरुवातीला हे घाल, मग दफनभूमी.

बुधवारी मिस्सा झाली. अंकलनी रात्रीतून कॉपी काढली, तिच्यावर लाल स्केचपेनने नाव लिहिलं आणि ती रुडॉल्फच्या बॅगेत गेली. शुक्रवारी ते आमची फिल्म जोडायला बसले. चौथ्या शॉटपाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, हे कापायचं होतं ना तुला?

मी नको म्हटलं.

नंबर आला नाही. महिन्याभराने परीक्षकांचा कागद शाळेत आला, बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. कथा चांगली, छायाचित्रण बरं. खाली एक ओळ होती. चौथ्या शॉटमध्ये बाहेरच्या माणसाचा आवाज आला आहे, तो काढायला हवा होता.

एरवी मी उठून भांडले असते. त्या दिवशी मी कागद मागून घेतला आणि शाळा सुटल्यावर गिरीजला जाऊन मार्गारेट आंटींना दिला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कागद प्लासिडच्या पत्रांमध्ये ठेवला.