टवक्यापाशी लाल मणी

मी एक जुनी ताटली आहे. अंग पांढऱ्या इनॅमलचे, काठ निळा आणि मध्यभागी एक गुलाबी फूल. त्या फुलाचा आता देठ आणि दीड पाकळी तेवढी उरली आहे. काठाला तीन ठिकाणी टवके उडाले आहेत. मित्रांनो, ते पाहून कोणी ‘अरेरे’ म्हटले की मला हसू येते. त्या टवक्यांनी एका बाईचे मणी तिच्या हातात राखले. कसे, तेच सांगते.

लोखंडाचा पातळ पत्रा गोल कापून, ठोकून, लेपात बुडवून मला भट्टीत घातले. तो चटका अजून विसरले नाही. पण बाहेर आले ती अशी चकाचक, की मला माझाच गर्व झाला. लोहा नावाच्या शहरातल्या सप्टेंबरच्या जत्रेत मी मांडलेली असताना काळी टोपी आणि पाठीवर लांब वेणी असलेला एक तरुण आला. त्याने मला बोटाने टिचकी मारली, कानाशी धरून आवाज ऐकला आणि अंगावरच्या लोकरी पोंचोत गुंडाळून बसमधून आपल्या गावी, सारागुरोला, नेले. त्याचे नाव सेगुंदो. नुकतेच लग्न झाले होते त्याचे. बायको बाल्बिना हिने मला पाहिले आणि म्हणाली, “हिच्यात रोज जेवायचं नाही हं. ही पाहुण्यांची.”

झाले! मी पाहुण्यांची ताटली झाले. मक्याचे उकडलेले टपोरे दाणे आणि वर ताजे चीज घेऊन मी मिरवत असे.

पण मिरवणे फार दिवस टिकले नाही. मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा सेगुंदो मला विसळत होता. तो नाचला आणि मी दगडावर पडले. हा माझा मोठा टवका. पुढे एकदा घार कोंबडीच्या पिलांवर झेपावली, तेव्हा बाल्बिनाने हाताला लागले ते, म्हणजे मला, खांबावर दोनदा आपटून तिला पळवले. ते दोन जुळे टवके. शेवटचा लांबट आहे, तो वासराने पाय दिला तेव्हाचा. तीन ठिकाणी टवके उडाल्यावर पाहुण्यांपुढून माझी उचलबांगडी झाली. मी फार रडवेली झाले होते. पण बाल्बिनाने मला पडवीत नेले आणि माझ्यात मणी ओतले.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. गळ्यापासून खांद्यापर्यंत पसरणारे मण्यांचे हार तिथल्या बायका घरीच विणतात. बाल्बिनाच्या हारांचे तर गावभर नाव. खाली लाल पट्टा, त्यावर हिरवे डोंगर, डोंगरांवर निळे आभाळ, आणि मधूनमधून पांढरे ठिपके. मण्यांचे ढीग मांडायची तिची रीत ठरलेली होती. मोठ्या टवक्यापाशी लाल, जुळ्या टवक्यांपाशी हिरवे, लांबट टवक्यापाशी निळे आणि फुलावर पांढरे. ढिगात सुई खुपसायची की चार-पाच मणी तिच्यावर चढलेच. रविवारी बाजारात लोक हाराची वाहवा करत आणि मी घरी बसून ती माझीच समजत असे.

पुढे बाल्बिनाच्या डोळ्यांवर मळभ आले. ते सगळ्यांत आधी मला कळले, कारण तिचा अंगठा माझ्या काठावरून फिरू लागला. आधी टवका चाचपायचा, मग सुई खुपसायची. सुईत दोरा ओवणे तर तिला जमेचना. ते काम सेगुंदो गुपचूप करू लागला. गाई सोडायला जाण्याआधी तो दहा सुया ओवून भिंतीवर टांगलेल्या छोट्या उशीत टोचून ठेवी.

“सांगून टाक ना पोरीला,” तो एकदा म्हणाला.

“वेडा आहेस का? ती म्हणेल, आई, पुरे आता, आराम कर. आणि मणी उचलून नेईल. मग मी दिवसभर करू काय? तुझी वेणी घालत बसू?”

“घाल की. तीही धड घालत नाहीस हल्ली.”

बाल्बिना हसली, पण तिने मला मांडीजवळ ओढून घेतले. मणी गेले तर आपण उरणार नाही, असे तिला वाटे. त्यातच मुलीचे, एल्वियाचे, लग्न ठरले. त्या घरात मुलीचा लग्नातला हार आईच विणते. बाल्बिनाच्या आईनेही तिचा विणला होता. त्यामुळे हा हार तिला कोणाच्याही हाती द्यायचा नव्हता.

लग्नाच्या महिनाभर आधी एल्विया क्वेंका शहराहून आली. तिथे ती एका बेकरीत कामाला होती. आईसाठी तिने प्लॅस्टिकचा नवा डबा आणला होता. चार कप्पे, प्रत्येकाला झाकण. “किती वर्षं त्या टवकेवालीत मणी ठेवणार, आई?” असे म्हणत तिने सगळे मणी डब्यात भरलेसुद्धा. पोरीचे मन चांगले होते हो! पण माझी रवानगी झाली कोंबड्यांकडे. कोंबडा तर माझ्या फुलालाच दाणा समजून चोच मारी.

माझ्यापेक्षा वाईट हाल पडवीत बाल्बिनाचे होते. लाल आणि पांढरा तिला कसाबसा ओळखू येई. हिरवा आणि निळा मात्र एकाच मळभात बुडालेले. विचारायची सोय नव्हती. माझ्यात लालनंतर हिरवा येई, म्हणून डब्यातही तसेच असेल, असे धरून ती विणत राहिली. एल्वियाने मात्र निळा आधी भरला होता. मी अंगणातून पाहत होते आणि मला तोंड नव्हते.

लग्नाला बारा दिवस उरले तेव्हा त्रान्सितो आली. ही एल्वियाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता, म्हणून बाल्बिनाची कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीणच. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. हार हातात घेऊन ती ओरडलीच, “अगं कोमाद्रे! डोंगर निळे? आणि आभाळाला काय शेवाळ धरलंय?”

बाल्बिनाचा चेहरा उतरला. पण ती हार मानणारी नव्हती. “नवी पद्धत आहे ती. तुला नाही कळायचं.”

“पद्धत? अगं, नवरी पाण्यात बुडाल्यासारखी दिसेल यात!”

एल्विया जवळ येऊन बसली. ती आईच्या अंगठ्याकडे पाहत होती. अंगठा डब्याच्या गुळगुळीत काठावर काहीतरी शोधत होता. तिने दोन मणी आईच्या तळहातावर ठेवले.

“आई, यातला हिरवा कुठला?”

बाल्बिनाने दोन्ही मणी बोटांत फिरवून पाहिले. मग तिला रडूच कोसळले. “मणी नेऊ नकोस गं. हात चालतायत माझे अजून.”

“कोण नेतंय मणी?” एल्वियाने आईचे हात धरले. “पण इतकी वर्षं रंग ओळखत कशी होतीस?”

“जागेवरून. ताटलीच्या टवक्यांवरून.”

“आणि ताटली कुठंय?”

दारात उभा असलेला सेगुंदो म्हणाला, “कोंबड्या जेवतायत तिच्यात.”

रडता रडता तिघी हसल्या. एल्विया धावत आली, कोंबड्याशी झटापट करून तिने मला सोडवले, राखेने घासले आणि आईच्या मांडीवर ठेवले. मग आई सांगत गेली आणि ती ढीग मांडत गेली. शेवटी तिने स्वतः डोळे मिटून माझ्या काठावरून अंगठा फिरवला आणि अचूक लाल मणी उचलला. मित्रांनो, माझे अंग शहारले.

डोंगर आणि आभाळ उसवून पुन्हा विणायचे होते, आणि दिवस थोडे. “मी कुणाला सांगितलं तर माझी जीभ झडो,” असे त्रान्सितो जाताना म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पाच जणी ‘सहजच’ आल्या. प्रत्येकीच्या शालीला ओवलेल्या सुया टोचलेल्या! ज्या गोष्टीला बाल्बिना इतकी घाबरली होती, ती घडून गेली होती, आणि कोणीही तिच्या मण्यांना हात लावला नव्हता. त्या सुया देत राहिल्या, गप्पा मारत राहिल्या. विणली एकटी बाल्बिनाच. त्रान्सितोची जीभही शाबूत राहिली.

लग्नाच्या दिवशी एल्वियाच्या गळ्यात हिरवे डोंगर होते आणि वर निळे आभाळ. लग्न आटोपले की डोळ्यांचे मळभ काढायला लोहाच्या दवाखान्यात जायचे, असे सेगुंदोने बायकोकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतले. मग त्याने मुलीला भेट दिली. इनॅमलची नवी कोरी ताटली होती ती. किती सुंदर! मला थोडा मत्सर वाटला, खोटे कशाला बोलू?

एल्वियाने तिच्या काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “आई, ही तर गुळगुळीत आहे. हिच्यात मला लाल मणी कसा सापडणार?”

बाल्बिनाने दगड मागितला. मला खाली ठेवले, नवीला माझ्यावर ठेवून काठाला काठ जुळवला. माझा मोठा टवका अंगठ्याने चाचपला आणि नवीच्या काठावर त्याच जागी ठाण्‌ करून दगड हाणला. नवऱ्याकडची मंडळी दचकली. एल्वियाच्या सासूबाई तर ओरडल्याच, “अहो विहीणबाई, नवी आहे ती!”

“म्हणूनच तर,” बाल्बिना म्हणाली आणि जुळ्या टवक्यांकडे वळली.

मित्रांनो, घरातले जुने भांडे टाकण्याआधी एकदा डोळे मिटून त्याच्या काठावरून अंगठा फिरवा. ज्याला तुम्ही खोट समजता, तिथे घरातल्या कोणाच्या तरी हाताला काहीतरी सापडत असेल. आधी त्या माणसाला विचारा. आणि तरीही टाकायचेच असेल, तर निदान कोंबड्यांपुढे टाकू नका. चोची फार लागतात.