म्हैस वगळलेला सिनेमा

मुखरूकडे धानाच्या शेताची बांधी होती, बैलजोडी होती आणि एक पद होतं. बांधी आणि बैल गावात बऱ्याच जणांकडे होते. पद मात्र त्याच्या एकट्याचं.

दरवर्षी मार्कंड्याची जत्रा आटोपली की मोहाची फुलं पडू लागेपर्यंत, दिवेलागणीला वच्छलाबाईच्या ओसरीवर ‘मेघगडची किल्ली’ वाचली जायची, आणि मुखरू हुंकारा द्यायचा. वच्छलाबाईने वाक्य संपवायचं, मुखरूने ‘हूं’ म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हुंकारा आला नाही तर गोष्ट जिथल्या तिथे उभी. एका साली मुखरूला ठसका लागला तेव्हा राजपुत्र विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहिला होता. मुखरूला पाणी पाजून होईस्तोवर त्याला वर ओढायचं धाडस कुणी केलं नाही.

पुस्तक वच्छलाबाईच्या नवऱ्याने चांद्याहून आणलेलं. नवरा गेला, पुस्तक राहिलं, आणि सातवी पास वच्छलाबाईने ते गावाला इतक्यांदा ऐकवलं की लोकांना त्यातले डोंगर शेजारच्या शिवारातले वाटू लागले. सगळ्यात लाडकी कवळी. कवळी म्हणजे उडणारी म्हैस. ती राजपुत्राला पाठीवर घेऊन मेघगडाला निघते, पण वाटेत बरासा ढग दिसला की लोळायला थांबते. गावातल्या निम्म्या म्हशींचं नाव कवळी होतं. एकही उडत नव्हती, पण थांबत सगळ्याच होत्या.

त्या साली जत्रेत तंबूचा सिनेमा आला, तो नेमका ‘मेघगडची किल्ली’. बातमी लटारूने आणली. लटारू चांद्याला जाऊन सिनेमा पाहून आलेला, म्हणून या विषयात गावात त्याच्यापुढे कुणी बोलत नसे.

“मुखरूभाऊ, आता कान देत बसाची गरज नाई. सप्पा डोयानं दिसते,” तो म्हणाला.

“अन् हुंकारा?”

“थ्ये मशीन हाये. मशीनले कायचा हुंकारा?”

लटारूने सिनेमा पाहिला असला तरी त्याला समजला नसावा, असं मुखरूला वाटलं. गाड्या जुंपून, नदी उतरून गाव जत्रेत पोचलं. महादेवाचं दर्शन उरकलं, आणि दिवस बुडता बुडता सगळे तंबूत रेतीवर बसले. मुखरू पडद्याच्या अगदी पुढ्यात बसला. हुंकारा पोचायला हवा.

पडद्यावर राजा बोलला. मुखरूने म्हटलं, “हूं.” राणी बोलली. “हूं.” आजूबाजूची परगावची माणसं हसली, पण गाव हसलं नाही. काम चाललं होतं. तंबूचा म्यानेजर कंदील घेऊन आला आणि म्हणाला, “ए काका, चुप बैठो.” मुखरूने त्यालाही सवयीने हुंकारा दिला.

मग मुखरूने तंबाखू मळून दाढेखाली धरली. तेवढ्यात एक वाक्य हुंकाऱ्याविना सुटलं, आणि पडदा एकदम पांढरा पडला. फीत तुटली होती. गावाने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने घाईघाईने थुंकून मोठ्याने “हूं” म्हटलं, आणि थोड्या वेळाने राजा पुन्हा बोलू लागला. मशीनच्या बाबतीत कुणाचीच शंका उरली नाही. लटारूचीसुद्धा.

मग राजपुत्र डोंगराच्या टोकावर आला. त्याने हाक मारली. गाव पुढे सरकलं. ढगातून पांढरं, देखणं, मानेवर आयाळ उडवत एक घोडं आलं.

“हे कोण?” गावातल्या नीलाबाईने विचारलं.

राजपुत्र घोड्यावर बसला. मुखरूने तोंड घट्ट मिटलं. असा अन्याय त्याच्या हुंकाऱ्यावर पुढे जाणार नव्हता. तो वाट पाहत राहिला. घोडं उडालं. ढग आले. घोडं थांबलंही नाही. मुखरू गप्प बसला आणि सिनेमा शेवटपर्यंत गेला, राजपुत्राच्या लग्नासकट.

सकाळी परतीच्या वाटेवर नदीच्या रेतीत गाड्या सोडून भाकरी खाताना सगळे एकदम बोलत होते.

“घोड्याले पंख मस्त होते,” लटारू म्हणाला.

“पंखाचं काय करतं? दूध देते का थ्ये?”

“राजकन्या दिवसभर गाणंच म्हणून राह्यली होती. तिच्या घरी पाणी कोण भरते?”

“पन मेघगड पाह्यला ना? असाच होता माह्या मनात. अगदी असाच,” नीलाबाई म्हणाली, आणि यावर कुणी वाद घातला नाही. मेघगड खरंच तसाच होता.

मुखरू भाकरी मोडत नव्हता. “मी हूं म्हणलो नाई,” तो हळूच वच्छलाबाईला म्हणाला. “तरी थ्ये चालूनच राह्यलं.”

वच्छलाबाईने नदीकडे पाहिलं. “औंदा मी वाचत नाई, मुखरूभाऊ. सगळ्याईनं डोयानं पाह्यलं. आता माह्या तोंडून काय ऐकान?”

मुखरूने भाकरी बैलाला दिली.

गावात सोनीबाई वाट पाहत होती. गुडघ्यांमुळे तिला गाडीत बसवत नव्हतं. शेजारच्या टोल्याच्या वस्तीवरून काठी टेकत ती दरवर्षी वाचनाला मात्र यायची. लटारूने तिला सिनेमा सांगितला. घोड्यापाशी तिने त्याला थांबवलं.

“अन् कवळी?”

“कवळी नाई त्यात.”

“मेली?”

“मेली नाई, बाई. हायेच नाई.”

“हायेच नाई कसं? मागच्या साली होती.”

सोनीबाई काठी टेकत सरळ वच्छलाबाईच्या ओसरीवर गेली. मुखरू तिथेच आपला खांब धरून उगाच बसला होता.

“बाई, पुस्तक काढ,” सोनीबाई म्हणाली. “कवळी हाये का पाहू दे. तिथूनबी काढली असन त मले सांग. मी जाते मंग.”

“पुस्तकातून कोण काढन, सोनीबाई?”

“सिनेमातून काढली त.”

वच्छलाबाईने पुस्तक आणलं. पान शोधलं, दाखवलं. सोनीबाईला अक्षर येत नव्हतं. “वाच,” ती म्हणाली.

वच्छलाबाई वाचू लागली. नीलाबाई सूप हातात घेऊन आली ती टेकलीच. मुलं आली. लटारू कुडाशी उभा राहिला, जसा काही तो बैल शोधत होता. मुखरू बेताने हुंकारा देत होता, हरवलेलं माणूस आपल्याच घराचं दार ठोठावतं तसा. राजपुत्राने हाक मारली आणि कवळी आली, काळी, जड, कानाशी गवत चिकटलेली. सोनीबाईने मान डोलावली. कवळी उडाली. पुढे एक बरासा ढग होता.

“अन् कवळी तिथी थांबली,” वच्छलाबाईने वाचलं.

मुखरू बोलला नाही.

वच्छलाबाई थांबली. बोट ओळीवर ठेवून तिने वाट पाहिली. नीलाबाईचं सूप हलेना. मुखरूने एक एक चेहरा पाहिला. पुढच्या वाक्याला कुणीही हात लावला नव्हता.

“मुखरूभाऊ,” कुडाकडून लटारूचा आवाज आला, “म्हण ना बापा. म्हैस वरती लटकून हाये.”

“चालून जाते का थ्ये पाहून राह्यलो होतो,” मुखरू म्हणाला.

“कुठी जाते?” वच्छलाबाई म्हणाली. तिचं बोट अजून ओळीवरच होतं.

मुखरूने खांबाला पाठ टेकली, घसा साफ केला.

“हूं.”

कवळी ढगात लोळली, उठली, अंग झटकलं, आणि मेघगडाकडे निघाली.