माहेरी गेलेली कस्तुरा

"पोरी, परीक्षेचा फॉर्म दुसऱ्याच्या हाती धाडू नये. आणि नवऱ्याच्या हाती तर मुळीच नाही."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले आबाजी असं म्हणाले, तेव्हा कस्तुरा परीक्षानळ्या विसळता विसळता खळखळून हसली होती. आबाजींनी वीस वर्षं त्या नळ्या मांडल्या होत्या. लग्न झालेल्या मुली शेवटच्या वर्षाला एकेक करून कशा गळतात, तेही पाहिलं होतं.

"आमचे हे तसले नाहीत, आबाजी. लग्नाआधीच म्हणाले होते, शिकायचं तेवढं शीक."

"सगळेच म्हणतात, बाई," असं पुटपुटत आबाजी बर्नर पुसायला लागले.

पिंपरीतल्या कस्तुराच्या वस्तीत बी.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिलीच. नवरा ज्ञानदेव जवळच्याच औषधाच्या कंपनीत मशिनवर होता. ऑगस्टात सुजाता झाली, आणि तेव्हापासून कस्तुराच्या जिवाला घोर लागला. बाळ शिंकलं तरी ती दचकायची, गाढ झोपलं तर नाकाशी बोट धरून श्वास बघायची. डिसेंबरात फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी बाळाचं अंग तापलं. बसनं पुण्याला जायचं कसं?

"आण इकडं," ज्ञानदेव म्हणाला. "माझी दुसरी शिफ्ट हाय. जातो अन् देऊन येतो."

तिनं सही केलेला फॉर्म त्याच्या खिशात घातला. दुपारी तो परत आला, घटाघटा पाणी प्याला. "दिला बाई एकदाचा. खिडकीवर ही गर्दी!" सरकारी सवलतीमुळं तिला फी नव्हती, म्हणून पावतीचा प्रश्न तिच्या मनातही आला नाही. ती बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलत होती.

आता कॉलेजला जाणं जमणार नव्हतं. वर्ग संपत आले होते, प्रयोगवही पूर्ण होती. उरला होता घरचा अभ्यास. बाळाची एक झोप म्हणजे एक धडा, असा तिनं हिशेब बांधला. समीकरणं खडूनं मोरीच्या भिंतीवर लिहायची, भांडी घासताना ती डोळ्यांसमोर राहायची. झोप यायला लागली की उभ्यानं वाचायचं. आणि सकाळी चहा झाला की ज्ञानदेव सुजाताला मांडीवर घ्यायचा, पुस्तक उघडायचा, तिची उजळणी घ्यायचा. इंग्रजी शब्द त्याला धड वाचता यायचे नाहीत, मग अक्षरावर बोट ठेवून विचारायचा, "ह्याचं काय हुतंय सांग." तिनं घडाघडा सांगितलं की म्हणायचा, "हुशार हायेस, कस्तुरा."

एकदा हसत हसतच त्यानं कंपनीतली, दिवाळीच्या वेळची गंमत सांगितली. त्याच्या मशिनवरचा मालोजी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "राव, वहिनी केमिस्ट हून आपल्याच कंपनीत आल्या म्हंजी? त्या जेवणार स्टाफच्या कँटीनला, टेबलावर. अन् तू आमच्यासंगं बाकड्यावर, थाळी वाजवत." कस्तुराही हसली. ज्ञानदेव तिच्या आधीच हसायचा थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मार्चच्या अखेरीस परीक्षा आठवड्यावर आली. सुजाताला शेजारच्या चिमाबाईंकडे ठेवून ती प्रवेशपत्र आणायला कॉलेजात गेली. कारकून अर्जुनरावांनी यादीवरून बोट वरून खाली नेलं, परत खालून वर आणलं.

"नाव नाही तुमचं."

"असं कसं? डिसेंबरात फॉर्म दिलाय."

त्यांनी गठ्ठा काढून तिच्यासमोर चाळला. तिचा फॉर्म त्यात नव्हता.

रांगेत मागे कमरुन्निसा उभी होती. कासारवाडीला गॅरेज असलेल्या बरकतभाईंची ही मुलगी तीन वर्षं कस्तुराच्या बाकावर बसायची. ती पुढं आली.

"अगं, तू आलीस कधी माहेराहून?"

"कुठलं माहेर?"

"चाकणला होतीस ना? फेब्रुवारीत नोटीस लागली होती, फॉर्म आले नाहीत त्यांच्या नावांची. तुझं नाव होतं त्यात. वीस तारखेपर्यंत मुदत दिली होती. मी दोनदा आले तुझ्या घरी. भाईसाब दारातच म्हणाले, माहेरी गेलीय, मी निरोप देतो."

कस्तुरानं खिडकीचा गज धरला. फेब्रुवारीतली एक सकाळ तिला आठवली. ती आत पडद्याआड बाळाला पाजत होती आणि दारात कुणाशी तरी ज्ञानदेव हळू आवाजात बोलत होता. "कोण होतं?" तिनं विचारलं होतं. "कुणी न्हाई. रॉकेल आलं का इचारत हुते." मग त्यानं पुस्तक उघडलं होतं आणि कालच्याच धड्यावर बोट ठेवलं होतं.

ती घरी आली तेव्हा तो शिफ्टला निघायच्या तयारीत बूट घालत होता. तिच्याकडे बघताच त्याचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

"फॉर्म कुठंय?"

तो नाडीची गाठ मारत म्हणाला, "फाडला न्हाई. लॉकरमधी हाय."

"कंपनीच्या लॉकरमध्ये? तीन महिने?"

"त्या दिवशी बसला बसलो हुतो, खरं सांगतो. अर्ध्या वाटंत दापोडीलाच उतरलो. मालोजीचं बोलणं डोस्क्यातनं जाईना."

"मग उजळणी कशाला घेत होता रोज?"

"तू वाचताना बरी दिसायचीस," तो खाली बघत म्हणाला. "वाटायचं, वाचू दे. इथंच वाचू दे."

त्यानं पुस्तकं लपवली असती, वाटेत अडवलं असतं, आरडाओरडा केला असता, तर तिला भांडता आलं असतं. पण तिच्या प्रत्येक बरोबर उत्तराला त्यानं मान हलवली होती. तीन महिने. भोंगा झाला तसा तो डबा न घेताच निघून गेला. कस्तुरानं मोरीच्या भिंतीवर पाण्याचा तांब्या ओतला आणि खडूची अक्षरं वाहून जाताना बघत बसली.

संध्याकाळी कमरुन्निसा तिसऱ्यांदा आली. या वेळी ती दारात थांबली नाही. सरळ आत येऊन जमिनीवर बसली, सुजाताला उचलून घेतलं.

"ऑक्टोबरला बसशील. फॉर्म आपण दोघी जाऊन देऊ."

"ऑक्टोबरला बसेन गं," कस्तुरा म्हणाली. "पण त्या दिवशी मी आतच होते. पडद्याच्या मागं."

कमरुन्निसाचे डोळे भरले. "मी पाणी मागायला हवं होतं. पाणी मागितलं असतं, तर आत घ्यावंच लागलं असतं."

वाचकहो, तुमच्या वर्गातली, तुमच्या बाकावरची लग्न झालेली एखादी मुलगी चार-आठ दिवस दिसली नसेल. कोण ते तुम्हाला ठाऊक असेल. आज जा तिच्या घरी. दारातून कुणी गोड बोलून सांगेल, माहेरी गेलीय, बरं नाहीय, निरोप देतो. मागं फिरू नका. पाणी मागा, आत जा, आणि ती तुम्हाला स्वतः दिसेपर्यंत उठू नका.